अर्धी शिक्षा

"किती कमी केली?" सफवत पाशांनी दारातूनच विचारलं.

रविवारची सकाळ होती, आठवड्याचा पहिला दिवस. मी पंख्याखाली बसून ताअमियाच्या, म्हणजे तळलेल्या वड्यांच्या, सँडविचचा शेवटचा घास संपवत होते. बोटं तेलकट झाली होती.

"काय कमी केली?"

"जाबल्लाची शिक्षा. फाइल खाली आली म्हणे. किती दिवसांवर आणली साहेबांनी?"

मी कोपरानं फाइल पुढं सरकवली. त्यांनी उभ्याउभ्याच शेवटचं पान उघडलं. तिथं त्यांचीच शिफारस होती: करार रद्द करण्यात यावा. तिच्याखाली हिरव्या शाईत 'मान्य', आणि पेन चालतंय की नाही हे पाहायला कागदावर ओढावी तशी आमच्या डायरेक्टरांची सही. मग गोल शिक्का आणि जावक क्रमांक.

त्यांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. मग पुन्हा पुढची.

"आणि दुसरा कागद?"

"कुठला?"

"कमी केल्याचा."

"एवढंच आहे, पाशा. गुरुवारी सही झाली, गुरुवारीच पत्र गेलं. जाबल्लानं पत्र घेतलं, गेटच्या चाव्या दिल्या आणि घरी गेला."

दाराजवळ आमचा एक लाकडी बाक आहे. ज्यांची चौकशी असते त्यांना आम्ही तिथं बसवतो. सफवत पाशा आठ महिन्यांत एकदाही त्या बाकावर बसले नव्हते. त्या दिवशी बसले, फाइल मांडीवर ठेवून.

फौजेतून आलेल्या साहेबाला इथं पाशाच म्हणतात. सफवत अल-गम्री आमच्याकडे येण्याआधी बावीस वर्षं सैन्याच्या न्यायखात्यात होते. आधी सरकारी वकील, मग न्यायाधीश. सैन्यात दर वर्षी बढतीची यादी निघते. तिच्यात नाव असलं तर खांद्यावर चांदणी वाढते. नसलं तर माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी पेन्शनवर. यांचं नाव नव्हतं. लेफ्टनंट कर्नल होऊन घरी बसले, आणि मग कुणाच्या तरी ओळखीनं इस्माइलियातल्या आमच्या उद्यानं आणि रोपवाटिका खात्यात कायदा विभागाचे प्रमुख म्हणून वर्षाच्या करारावर आले. कराराबरोबर सरकारी वसाहतीत दोन खोल्या होत्या. खरं म्हणजे त्यांना त्या खोल्याच हव्या होत्या, कारण सैन्याचं घर रिकामं करून द्यायचं होतं आणि बायको रोज विचारत होती की सामान कुठं न्यायचं.

कायदा विभाग म्हणजे ते, मी आणि एक कपाट.

आता सांगूनच टाकते. त्या खुर्चीसाठी मी अकरा वर्षं वाट पाहिली होती. आधीचे प्रमुख निवृत्त झाले त्या दिवशी मी घरी तूप घालून पदरापदरांची फितीर भाजली होती, ऑर्डर येणार म्हणून. ऑर्डर आली ती सफवत पाशांच्या नावाची. फितीर शेजाऱ्यांनी खाल्ली, तीही चव घेऊन. तेव्हा त्यांच्याबद्दल माझ्या मनात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

तशी तक्रार करावी असं त्या माणसात काही नव्हतं, हाच तर वैताग. पावणेआठला हजर. खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. डायरेक्टरांचा फोन वाजला की उभे राहायचे, रिसीव्हर हातात घेऊन, आणि ठेवल्यावरच बसायचे. सगळं ऑफिस त्यांना पाठीमागं 'जनरल' म्हणायचं. जिन्यात कुणीतरी बुटांची टाच आपटून सलाम ठोकायचं आणि ते बिचारे खरोखर उलट सलाम करायचे. मग खालच्या मजल्यापर्यंत हशा.

जाबल्लाचं प्रकरण मे महिन्यातलं. गोड्या पाण्याच्या कालव्याकाठी आमची आंब्याची रोपवाटिका आहे, तिथला तो पहारेकरी. पन्नाशी उलटलेला, म्हणून सगळे त्याला अम्म जाबल्ला म्हणायचे, काका म्हणावं तसं. बारा वर्षं कंत्राटावर. सहा वर्षांनी पहिल्यांदाच कंत्राटी माणसांना कायम करण्याची यादी तयार होत होती आणि तिच्यात त्याचं नाव चौथं होतं. अशात एका शुक्रवारी संध्याकाळी तो गेट सोडून गेला. शेजारच्या वस्तीतल्या शेळ्या आत शिरल्या आणि ओवैस आंब्याची तीनशे चाळीस कलमं खाऊन गेल्या.

चौकशीला तो बाकावर गुडघे जुळवून बसला, टोपी हातात.

"कुठं होता तुम्ही, अम्म जाबल्ला?" पाशांनी विचारलं.

"कॅफेत, पाशा."

"कामाच्या वेळेत?"

"मॅच होती."

माझी टाइप करणारी बोटं थांबली. एकतीस वर्षं मी या बाकावर माणसं पाहत आले आहे. कुणाची आई वारलेली असते, एकाच वर्षात दोनदा. कुणाला जुलाब झालेले असतात. 'मॅच होती' म्हणणारा हा पहिलाच.

मी त्याला दोरी टाकली. म्हटलं, "तब्येत बरी नव्हती ना हो त्या दिवशी तुमची?"

"छे, मादाम! ठणठणीत होतो."

"मग उठून का नाही आलात?" पाशा म्हणाले.

"हाफ टाइमला येणारच होतो, अल्लाची शपथ. पण बरोबरी झाली. मग पेनल्ट्या. पेनल्टी टाकून कोण उठतं, पाशा? तुम्ही उठला असता?"

"कोण जिंकलं?"

"आपली इस्माइली कधी जिंकते का? शेवटचा बॉल खांबाला. तोंड पाडून परत येतोय तर गेटमधनं शेळ्या बाहेर येतायत, ढेकर देत. हरलो ते हरलो, वर हे."

पाशा हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जाबल्ला गेल्यावर म्हणाले, "सरळ माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेला मसुदा माझ्यापुढं ठेवला. मी शेवटची ओळ वाचली आणि वर पाहिलं.

"करार रद्द? मॅचसाठी?"

"पहारा सोडला, मादाम. सैन्यात एवढ्याला वर्षावर्षाची कैद होते. आणि खालून कडकच जायला हवं. वर बघतील, कमी करतील. पंधरा दिवसांचा पगार कापण्यावर येईल. तेवढीच त्याची चूक आहे."

मी तो मसुदा टाइप केला.

आमच्या डायरेक्टरांचं नाव लमई. इंजिनियर आहेत म्हणून सगळे त्यांना बाशमुहंदिस म्हणतात. वाईट माणूस नाही, पण कागद वाचणं हे आपलं काम आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही. दर गुरुवारी ते कैरोला घरी जायला निघतात, तेव्हा मी सह्यांचा जाड फोल्डर घेऊन गाडीपाशी जाते. प्रत्येक कागद सहीच्या पानावर उघडलेला असतो. ड्रायव्हर गाडी सुरू ठेवतो. बाशमुहंदिस फोनवर बोलत बोलत डाव्या हातानं पानं उलटतात आणि उजव्या हातानं सही करतात. चाळीस कागद, चार मिनिटं. हे ऑफिसातल्या चहावाल्यापासून सगळ्यांना माहीत आहे. आठ महिने झाले तरी सफवत पाशांना माहीत नव्हतं, कारण फोल्डर मी नेत होते.

'वर बघतील' असं ते म्हणाले तेव्हा माझ्या जिभेवर शब्द आला होता. पाशा, वर कुणी बघत नाही. एवढंच म्हणायचं होतं. मी ते गिळलं. मनात म्हटलं, कळू दे जनरलना सरकारी ऑफिस म्हणजे काय ते. मध्ये जाबल्ला भरडला जाईल हे मला दिसलंच नाही, अशी मी पुढं बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होते. दिसलं होतं.

त्या रविवारी पाशा बाकावरून उठले आणि थेट वर गेले. मी नोंदवही घेऊन मागोमाग गेले, कारण काय होतंय ते पाहिल्याशिवाय मला राहवलं नसतं.

"या, जनरल!" बाशमुहंदिस म्हणाले. त्यांच्यासमोर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी आणि काळी कॉफी दोन्ही होतं.

"साहेब, जाबल्लाच्या फाइलीत आपण शिफारस जशीच्या तशी मान्य केली."

"मग? बरोबर नव्हती?"

"जास्त होती. ती कमी व्हायला हवी होती."

"कुणी करायला हवी होती?"

"आपण."

बाशमुहंदिसांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "अहो भल्या माणसा, कमी हवी होती तर कमी लिहायची! मी ड्रेनेजचा माणूस. कायदा मला कळत असता तर तुम्हाला कशाला आणलं असतं?"

"हुकूम मागं घेता येईल, साहेब."

"येईल ना. तुम्ही लिहून द्या की मी चुकलो. मग मला वर कळवावं लागेल की आमचा कायदाप्रमुख चुकीच्या शिफारशी करतो. करार कधी संपतोय तुमचा?"

"सप्टेंबरअखेर."

"हं. बघा बुवा. घाई नको. बायकोला विचारा."

"कायम करण्याची यादी?"

"गेली कैरोला. त्याचं नाव काढूनच गेली. काढलेल्या माणसाला कायम कसं करणार?"

पाशा सावधान उभे होते. 'जाऊ शकता' असं कुणी म्हणेपर्यंत ते हलणार नाहीत हे माझ्या लक्षात आलं. मीच म्हटलं, "चला, पाशा."

खाली आल्यावर त्यांनी चहा मागवला आणि प्यायले नाहीत. दुपारी दोन वाजता ऑफिस रिकामं झालं तरी बसून होते. मीही बसले. मग ते कपाटाकडं बघत बोलायला लागले.

"आमच्याकडे निकाल दिला म्हणजे निकाल झाला असं नसतं, मादाम. फाइल वर जाते. वर शिक्कामोर्तब करणारा अधिकारी असतो. तो शिक्षा कमी करू शकतो, माफ करू शकतो. वाढवू शकत नाही. म्हणून आम्ही सगळे दुप्पट लिहायचो. सहा महिने द्यायचे असले की वर्ष. वर अर्धी व्हायची. आरोपीला आनंद, वरच्याला दयाळूपणाचं पुण्य, आणि आम्ही कडक. सगळ्यांचं भागायचं."

"आणि वर अर्धी नाही झाली तर?"

त्यांनी चहाचा कप जवळ ओढला.

"अतवा नावाचा एक शिपाई होता. सक्तीच्या भरतीतला, मन्सुऱ्याकडचा. भावाच्या लग्नाला रजेवर गेला आणि अकरा दिवस उशिरा आला. मी दोन वर्षं दिली. मनात एक होतं. त्याच महिन्यात वरचा अधिकारी बदलला. नव्याला कशाला हात लावायचा नव्हता. दोनाची दोनच परत आली. मी फाइल पाहिली आणि कपाटात ठेवली. स्वतःला म्हटलं, मी तर एकच दिलं होतं. दुसरं त्यानं दिलं."

"तुमचा काय दोष त्यात?" मी म्हटलं, कारण असं म्हणायचं असतं.

"तेव्हा दुसऱ्यावर ढकलता आलं, मादाम. ती फाइल उघडून बोलता आलं असतं. माझी बढती जवळ आली होती. बोललो नाही. बढती तरीही आली नाही." त्यांनी गार चहा एका घोटात संपवला. "आता घर आड येतंय."

बुधवारी जाबल्ला आला, खात्याची बॅटरी आणि शिटी परत करायला. बाकावर न बसता दारातच उभा राहिला.

"अम्म जाबल्ला, बसा," पाशा म्हणाले. "तक्रारअर्ज लिहा. साठ दिवसांची मुदत आहे."

"अर्ज कुणाकडं जातो?"

"डायरेक्टरांकडं. ते मत मागवायला इथं पाठवतात."

"इथं म्हणजे तुमच्याकडं?"

"माझ्याकडं."

जाबल्ला माझ्याकडं बघून हसला. "ऐकलंत, मादाम? ज्यानं मारलं त्याच्याकडंच जाऊन विचारायचं, लागलं का रे म्हणून."

पाशांचे कान लाल झाले. "लिहा तुम्ही. मी सांगतो तसं लिहा."

"मागच्या वेळी खरं सांगितलं पाशा, तर ही गत झाली. माझी बायको म्हणते, गाढवा, जुलाब तरी सांगायचे होतेस! बारा वर्षं. तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की आता आमचे हे कायम होणार. आता ती नळावर पाण्याला जात नाही."

पाशांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून त्याच्यापुढं धरलं. जाबल्लानं ते घेतलं, बाकावर बसला आणि मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहायला लागला.

अर्ज वरून फिरून सहा दिवसांनी आमच्याकडं आला. पाशांनी मत लिहिलं. या वेळी पेन्सिल वापरली नाही, एकदम शाईनं. 'अर्जदाराची चूक पंधरा दिवसांच्या वेतनकपातीस पात्र होती. करार रद्द करण्याची शिफारस निम्नस्वाक्षरीकाराने केली, ती चुकीची होती. चूक अर्जदाराची नसून निम्नस्वाक्षरीकाराची आहे.' कागद माझ्यापुढं आला तेव्हा मी उठून दार लावलं.

"पाशा, हे मी गुरुवारच्या फोल्डरमध्ये मधोमध घालते. पाणीबिलांच्या आणि रजेच्या अर्जांच्या मध्ये. सही होऊन जाईल. त्यांना कळणारही नाही. जाबल्ला परत, तुमचं घर शाबूत."

"म्हणजे ते वाचत नाहीत?"

"कधीच नाही."

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं. तुम्ही म्हणालात ना, वर बघतील, कमी करतील, तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मुद्दाम गप्प बसले. ही खुर्ची माझी होती, पाशा."

ते ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कागदाची कडा बोटानं सरळ करत राहिले.

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. एवढंच. आणि थोड्या वेळानं, "न वाचता सही झालेली उद्या न वाचता रद्दही होते, मादाम. जाबल्ला मग पुन्हा बाकावर. हे कुणीतरी एकदा वाचायला हवं."

गुरुवारी गाडीपाशी फोल्डरबरोबर ते स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत. बाशमुहंदिस मागच्या सीटवर होते, फोन कानाला. सफवत पाशांनी खिडकीतून कागद आत दिला नाही. हातात धरून मोठ्यानं वाचायला लागले.

"अर्जदार जाबल्ला अब्दुन्नईम, पहारेकरी..."

"अहो द्या इकडं, करतो सही."

"ऐकून करावी, साहेब."

बाशमुहंदिसांनी फोन खाली घेतला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, कशासाठी कुणास ठाऊक. रोपवाटिकेचे दोन माळी, चहावाला, वरच्या खिडकीतल्या हिशेब विभागाच्या बायका, सगळे थांबून बघत होते. जिन्यात टाच आपटणारेही त्यांत होते. पाशा पूर्ण पान वाचत गेले, निकाल वाचतात त्या आवाजात. 'चूक निम्नस्वाक्षरीकाराची आहे' इथं पोचले तेव्हाही आवाज खाली आला नाही.

"आता चारचौघांत ऐकवलंत," बाशमुहंदिस हळू आवाजात म्हणाले. "आता मला कळलं नाही असं म्हणता येणार नाही. म्हणजे मला वर लिहावंच लागणार. समजतंय ना काय करताय?"

"समजतंय, साहेब."

"वेडे आहात." त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि खरोखर वाचला. मग सही केली. नेहमीपेक्षा ती सही वाचता येण्याजोगी होती.

जाबल्ला परत आला. पण रद्द झालेला करार पुन्हा जिवंत करायला नियम नव्हता, म्हणून नवा करार झाला, त्या दिवसाच्या तारखेचा. आधीची बारा वर्षं धरली गेली नाहीत. यादी तर केव्हाच गेली होती. सह्या करायला आला तेव्हा म्हणाला, "म्हातारपणी नवा नवरदेव झालो, मादाम. पुढची यादी कधी?"

"अल्ला जाणे."

"तेवढ्यात इस्माइली एखादा कप जिंकेल." पाशांच्या टेबलापाशी थांबून त्यानं टोपी काढली. "पेन राहिलं होतं तुमचं," म्हणून पेन ठेवून गेला.

पाशांच्या कराराचा निर्णय सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. मुदत वाढवण्यात येत नाही. त्याचं पत्र कायदा विभागानंच तयार करायचं असतं. पाशा स्वतःचं पत्र स्वतः लिहू शकत नव्हते, म्हणून ते मी टाइप केलं. पत्र सहीला घेऊन मी गेले तेव्हा बाशमुहंदिस म्हणाले, "आता काम तुम्हीच बघा, मादाम. ऑर्डर यथावकाश निघेल." अकरा वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं, आणि त्या दिवशी घरी फितीर भाजली नाही.

पाशांना घर महिनाअखेर सोडायचं होतं. बायको आधीच माहेरी झगाझिगला गेली होती, सामानासकट. कुठं काम बघताय का, असं मी विचारलं. एका कारखान्यात सुरक्षा विभागात जागा आहे म्हणाले. गेटवर कोण आलं, कोण गेलं, त्याची नोंद ठेवायची. मला जाबल्ला आठवला. त्यांनाही आठवला असणार.

शेवटच्या दिवशी ते सुटकेचा फॉर्म घेऊन फिरत होते. खातं सोडणाऱ्यानं तो टेबलाटेबलावर न्यायचा असतो. भांडार, ग्रंथालय, वाहन, वसाहत, दहा विभागांच्या दहा सह्या. 'सदर व्यक्तीकडे आमच्या विभागाचे काहीही येणे नाही.' कुणी तो वाचत नाही. चहावाल्याशी बोलत बोलतच सह्या होतात. सगळ्यात शेवटी कायदा विभाग.

मी त्यांच्या खुर्चीत बसले होते. ते आत आले, फॉर्म टेबलावर ठेवला आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले, गुडघे जुळवून.

"इकडं बसा ना, पाशा."

"इथं ठीक आहे."

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग वरपासून वाचायला लागले. नाव. जन्मतारीख. पद. रुजू झाल्याची तारीख. नऊ सह्या, प्रत्येक सहीखालचं नाव आणि तारीख.

"छापील फॉर्म आहे, मादाम. वाचायचं काय त्यात?"

"बसा, पाशा."

बाहेर कुणीतरी टाच आपटली. नंतर हशा आला नाही. मी शेवटच्या ओळीपर्यंत आले. कायदा विभाग: सदर व्यक्तीकडे आमच्या विभागाचे काहीही येणे नाही. ती ओळ मी दोनदा वाचली. देणं कुणाचं राहिलंय यासाठी त्या फॉर्मवर रकानाच नव्हता. मी सही केली, पूर्ण नाव लिहून, इनशिराह अब्दुलबाकी, आणि तारीख घातली.

त्यांनी उठून फॉर्म हातात घेतला. माझी सही पाहिली. मग सवयीनं कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागं काही नव्हतं.